काट्याचे काम

सांगली, शनिवार रात्र.

माझ्या हाताखालच्या प्र.ने आज बढती नाकारली. ‘सर, त्यापेक्षा वजनकाट्याचे काम माझ्याकडेच राहू द्या,’ एवढेच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

या बढतीसाठी मी वरती किती रदबदली केली, हे तिला ठाऊक नसणार. माझ्याजवळ देण्यासारखे जे होते ते सगळे पुढे केले आणि त्यातले काहीच तिला नको होते, हे मनाला फार लागले. मग या खुर्चीत मी कशासाठी बसतो? घरी यातले काही बोललो नाही.

हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत ती कोणी न सांगता मार्केट यार्डात गेली होती. पोते काट्यावर टाकले की आकडा काही क्षण खालीवर होतो आणि आमचे सॉफ्टवेअर कधी कधी तोच डळमळता आकडा उचलून शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, घालते, हे तिने हमालांशेजारी उभे राहून पाहिले. परतली तेव्हा वहीच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. लागोपाठचे आकडे जुळल्याशिवाय नोंदच होऊ नये, अशी तजवीज तिने केली. ती तजवीज नीट चालली त्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते कोणत्याही बक्षीस समारंभात मला दिसलेले नाही. आणि त्या समाधानात माझा काहीच वाटा नव्हता, हेच आज पुन्हा पुन्हा सलते आहे.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे दिले होते. ज्यांना सोडवण्याचे पैसे मिळाले, त्यांचा मोकळ्या वेळातला ओढा पैसे थांबताच कमी झाला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन गरजा मांडल्या : स्वायत्तता, आपल्याला काम जमते आहे ही जाणीव आणि इतरांशी जोडलेपण. काट्याच्या कामात प्र.ला या तिन्ही मिळतात; नव्या पदात मुख्यतः बैठका होत्या. अर्थात, एवढ्याने पगार गौण ठरत नाही, घराचे हप्ते समाधानाने फिटत नाहीत; तिची पगारवाढ मी पदाशिवायही मागणार आहे.

बाकीच्यांना हेच माप लावता येणार नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याचा जीव कशात आहे, ते मला अजून कळलेले नाही, त्याच्याशी निवांत बोलायला हवे. प्र.चे मात्र आता उमगते आहे, आणि तिची ओढ माझ्या देण्यावर अवलंबून नाही याचे सकाळी वाटत होते तितके दुःख आता वाटत नाही. तिची वाट मोकळी ठेवणे हेही कामच आहे. तासगावला बेदाण्याच्या सौद्यांसाठी काटा जोडायचा आहे. तिथे बरोबर कोणाला न्यायचे, ते तिलाच ठरवू दे.