तुम्ही विचारलंत म्हणून: गावाकडे इतक्यांना कमी का ऐकू येतं?

तालुक्याच्या गावी मी लोकांचे कान तपासते असं म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात, "गावाकडे ना हॉर्न, ना लोकलची खडखड. मग माणसं बहिरी होतात कशानं?"

गाव शांत असतं हे सुट्टीत येणाऱ्यांचं मत. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो. रोज आठ तास 85 सोसला तरी कानाला बाधतो. त्यात नांगरताना मान वळवून मागे फाळाकडे बघत राहायचं, म्हणजे एक कान तासन्‌तास सायलेन्सरच्या तोंडाशी. तपासणीच्या आलेखात बऱ्याचदा तोच कान जास्त घसरलेला दिसतो. अशा माणसाला हाक ऐकू येते, पण बोलण्यातले स, फ, थ गळतात. बायको म्हणते, "सोयीचं तेवढं बरोबर ऐकतात." तसं नसतं हो.

पण मला खरी चीड येते ती वाहत्या कानाची. लहान मुलांची घसा आणि कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की जंतू तिथून कानात शिरतात, पडद्यामागे पू साठतो आणि एके दिवशी पडदा फाटून बाहेर येतो. ठणका थांबतो, म्हणून घरचे निश्चिंत. कान फुटलाय, दात येताना वाहतोच, मोठा झाला की थांबेल. मग लसूण घालून कडवलेलं तेल, वर कापसाचा बोळा, आणि उन्हाळाभर विहिरीत उड्या. कान कोरडा राहतच नाही, भोक बुजत नाही. पू घाण वास मारू लागला तर जास्त भ्यावं. आतलं हाड कुरतडलं जात असतं.

बाकीची कारणंही आहेत. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपली रीत. दोघांकडे एकच सदोष जनुक असलं तर मूल जन्मतः बहिरं निघू शकतं. गरोदरपणी आईला झालेला रुबेला. टीबीसाठी घेतलेली स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं. जीव वाचतो, पण आतल्या कानातल्या पेशी मेल्या की परत येत नाहीत.

फाटलेला पडदा मात्र शस्त्रक्रियेनं बसवता येतो. म्हणूनच चिडते.

परवा तिसरीतला एक मुलगा आला. शाळेत मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर. कानातून बोळा काढला तर हिरवट, तेलकट. आजीला म्हटलं, आता तेल बंद, पाणी बंद, आणि घशा-कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. तिनं पदराआडून छोटी बाटली काढली. "मग हे काय करू?"

"डोक्याला चोळा त्याच्या."

"लसणाचा वास येईल की वर्गात," आजी म्हणाली.