फल्लीदाण्यांविना बिस्किटे

विदर्भातल्या गावाकडच्या स्वयंपाकघरात फल्लीदाणे कुठे असतात हे सांगण्यापेक्षा कुठे नसतात हे सांगणे सोपे आहे. पोह्यांत ते असतात, चिवड्यात असतात, साबुदाण्याच्या उसळीत तर साबुदाण्याच्या बरोबरीने असतात. वांग्याच्या रश्श्याला दाटपणा त्यांच्याच कुटाचा असतो, आणि पाहुणा अवेळी आला तर चहा उकळेपर्यंत त्याच्यापुढे दाणे-गुळाची वाटी सरकवली जाते. नणंदेच्या सहा वर्षांच्या मुलाला दाणे आणि काजू दोन्ही चालत नाहीत, नुसता तुकडा पोटात गेला तरी ओठ आणि डोळे सुजतात, असे तपासण्यांअंती डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा दिवाळीला मामाच्या गावी येणाऱ्या त्या मुलासाठी एखादा गोड पदार्थ करून ठेवणे हे काम वाटले होते त्यापेक्षा बरेच मोठे निघाले.

पहिला विचार अर्थातच पर्यायाचा. दाणे नाहीत तर गोडंबी घाला, चारोळी घाला, असे सुचवणाऱ्या काकू-मावशा आमच्याकडे भरपूर आहेत, कारण बिब्बा आणि चार ही दोन्ही झाडे विदर्भाच्या जंगलातली आणि त्यांचा मेवा मानाचा. परंतु वनस्पतिशास्त्राचे नातेगोते वेगळेच असते. भुईमूग हा तूर-हरभऱ्याचा भाऊबंद; काजू मात्र आंब्याच्या कुळातला, आणि त्याच कुळात पिस्ता, बिब्बा व चारोळीही येतात. काजू ज्याला बाधतो त्याला या सोयऱ्यांपैकी कोणीतरी बाधण्याची शक्यता राहते, म्हणून ती सगळी आळी आम्ही टाळली. सूर्यफूल या दोन्ही घराण्यांपासून दूर, झेंडू-शेवंतीच्या आणि आपल्या करडईच्या कुळातले. अर्थात सूर्यफुलाच्या बियाही क्वचित कोणाला बाधतात, त्यामुळे नणंदेने आधी डॉक्टरांना विचारून घेतले आणि मगच मला होकार कळवला.

सूर्यफूल आमच्या वावरांना परके नाही. मूळचे ते उत्तर अमेरिकेचे. तेलबियांचे पीक म्हणून भारतात त्याची लागवड १९६९ च्या सुमारास रशियन वाणांपासून सुरू झाली, आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठही नेमके त्याच वर्षी स्थापन झाले. सासऱ्यांनी काही वर्षे ते पेरले होते. फुले भरली की राघूंचे थवे उतरत आणि दिवसभर डबा वाजवीत राखण करावी लागे, हे ते आजही तक्रारीच्या सुरात नव्हे, काहीशा अभिमानाने सांगतात. पुढे वावरात सोयाबीन आले आणि राखणही संपली. त्यामुळे एकेकाळी बांधावर मिळणारे बी आता मला अमरावतीहून सोललेल्या स्वरूपात, पाकिटातून आणावे लागते. ते घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात, कारण ज्या कारखान्यात शेंगदाणे आणि सुकामेवा भरला जातो तिथेच हे बी भरले असेल तर ते आपल्या उपयोगाचे नाही. सुटे बी तर घेऊच नये. किराणा दुकानातले माप एकच असते आणि ते दाण्यांच्या पोत्यातून थेट या पोत्यात जाते.

बियांचे लोणी करण्याची कृती सोपी आहे, पण तिला धीर लागतो. बी मंद आचेवर खमंग वासापर्यंत भाजायचे, कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालायचे आणि थांबत थांबत फिरवायचे. आधी त्याचे कोरडे पीठ होते, मग त्याचा गोळा होऊन तो भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, आणि आता हे काही जमत नाही असे वाटू लागते तेव्हाच बियांतले तेल सुटून सारे एकदम सैल होते. सोललेल्या बियांत जवळजवळ निम्मा भाग तेलच असते, म्हणून वरून फारसे काही घालावे लागत नाही. खरा प्रश्न मिक्सरच्या भांड्याचा होता. वर्षानुवर्षे ज्यात कूट झाले त्या भांड्याच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात किती दाणे मुरलेले असतील, याचा हिशेब कोणी करावा? आम्ही नवे भांडे घेतले. पोळपाट, चाळणी आणि लाकडी कालथाही बाजूला ठेवला. घाण्याचे फल्लीतेल त्या दिवसांपुरते कपाटात गेले, कारण रिफाइंड तेलातून प्रथिने बहुतांशी निघून जातात, घाण्याच्या तेलात ती उरतात. तालुक्याच्या बेकरीत आपले पीठ-तूप देऊन बिस्किटे भाजून आणण्याची आमच्याकडची जुनी रीतही याच कारणाने सोडावी लागली. तिथल्या पत्र्यांवर काजू लावलेली नानकटाई रोजच भाजली जाते.

बाकीची कृती चार ओळींची आहे. एक वाटी सूर्यफुलाचे लोणी, पाऊण वाटी किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप फेसून घ्यावे, त्यात वाटीभर कणीक आणि चिमूटभर मीठ मिसळावे, लागेल तसा दुधाचा हात लावून गोळे वळावेत आणि ते किंचित चपटे करावेत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या गंजात मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून ते आधी तापवून घ्यावे आणि मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत भाजावे. गरम असताना ही बिस्किटे मऊच लागतात. ती कच्ची समजून पुन्हा भाजणाऱ्याच्या हाती शेवटी कडक ढेकळे येतात.

एक गंमत मात्र आधी ठाऊक असावी. खाण्याचा सोडा घातलेले बिस्किट निवल्यावर काही तासांनी आतून हिरवे पडते. शेजारच्या काकूंनी पहिल्या घाण्यातले बिस्किट मोडून पाहिले आणि विचारले, “यात पालक टाकला काय वो?” सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असते, तेच जे कॉफीतही असते, सोड्याच्या अल्कधर्मी संगतीत त्याची बियांतल्याच प्रथिनांशी प्रक्रिया होऊन हा रंग येतो. तो निरुपद्रवी आहे, पण बुरशीसारखा दिसतो, आणि बुरशीसारखे दिसणारे काहीही आमच्या घरात थेट गाईपुढे जाते. सोडा निम्मा करून अर्धा चमचा लिंबाचा रस पिळला की रंग आटोक्यात राहतो. माझ्या मते तर सोडा नकोच. बिस्किट थोडे कमी फुलते, पण गुळाची चव मोकळी लागते. भाच्याला मात्र हिरवीच हवी असतात, म्हणून त्याच्यासाठी मी सोडा मुद्दाम घालते.

उरलेल्या लोण्यात लसूण आणि तिखट कुटून केलेली चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर फार चांगली लागते, दाण्याच्या चटणीपेक्षा किंचित कडवट, पण चांगली. साबुदाण्याच्या उसळीत या बियांचे कूट घालून पाहण्याचे माझ्या मनात आहे. मात्र सूर्यफूल उपासाला चालते की नाही, याचा निकाल सासूबाईंनी अद्याप दिलेला नाही.