एका लहरीच्या दोन लहरी

भूकंपलहरींच्या नोंदी वाचणं हे माझं काम. त्यात खडकातल्या भेगा दिसतात का, असं कोणी विचारलं की मी आधी गणित मांडते. लहरीचा वेग सेकंदाला ५,००० मीटर आणि वारंवारता ५० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी येते १०० मीटर. भेग बहुतेकदा मिलिमीटरभरही रुंद नसते. सुटी भेग या लहरीला दिसणारच नाही.

पण एकाच दिशेच्या असंख्य भेगा असल्या, की अख्खा खडक त्यांच्या आडव्या दिशेत लवचीक होतो. ते लहरींना जाणवतं, एस लहरीला तर फारच सुरेख रीतीनं. या लहरीत कण तिच्या वाटेला काटकोनात हलतात. उभ्या भेगांतून वर येताना तिच्या दोन लहरी होतात: एकीत कण भेगांना समांतर हलतात, दुसरीत आडवे. जाड पुस्तक उभं धरून वरचा भाग पानांच्या आडव्या दिशेनं ढकला, पानं सरकतात. पानांच्याच दिशेनं ढकला, पुस्तक ताठ राहतं. म्हणून समांतर लहर आधी पोचते. वेग सेकंदाला ३,००० आणि २,८८० मीटर असतील, तर किलोमीटरभरात दुसरी सुमारे १४ मिलिसेकंद मागे पडते.

आधी पोचणाऱ्या लहरीच्या कंपनाची दिशा म्हणजे भेगांची दिशा. मागे पडलेल्या वेळेवरून त्यांच्या दाटीचा अंदाज येतो. ब्रिटिश भूकंपशास्त्रज्ञ स्टुअर्ट क्रॅम्पिन यांनी १९८०च्या दशकात हा विचार हिरिरीनं मांडला. नोंदीत या दोन लहरी वेगळ्या होताना पाहणं मला आजही फार आवडतं.

मात्र एवढ्यावरून रंगीत नकाशात भेगांच्या सुबक रेघा ओढलेल्या मला पटत नाहीत. थोड्या मोठ्या भेगा आणि पुष्कळ बारीक भेगा सारखाच उशीर घडवू शकतात. शिस्टसारख्या पापुद्र्यांच्या खडकात खनिजांची रांगेतली मांडणीही लहर दुभंगवते. शिवाय पाणी वाहायला भेगा एकमेकींना जोडलेल्या लागतात, आणि ते या १४ मिलिसेकंदांत लिहिलेलं नसतं. भेगांत पाणी आहे की वायू, याचा सुगावा पी लहरीकडून मिळतो; तिच्यात कण वाटेच्याच दिशेत पुढेमागे हलतात. भेगांना आडवी जाणारी पी लहर वायू असला तर खूप मंदावते, पाणी असलं तर बरीच कमी. म्हणून मी एस आणि पी अशा दोन्ही लहरींच्या नोंदी मागते, आणि शक्य असेल तिथे बोअरच्या भिंतीची प्रतिमाही. ती नसेल तर नकाशावर फक्त दिशा आणि उशीर लिहिते.