तुम्ही विचारलंत म्हणून: बीएस्सीला एवढं असतं तरी काय?

हा प्रश्न मला घरात, एसटीत, दूध संस्थेच्या दारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठतो. "बीएस्सीच करतीस नव्हं? मेडिकल न्हाई, इंजिनिअरिंग न्हाई. मग एवढी कसली गडबड असती गं तुला?" आजवर "असतंय थोडं" म्हणून मी वेळ मारून नेली. आता नेववत नाही.

आधी नीटचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं. हो, दिली होती. सरकारी कॉलेजला लागण्याइतके मार्क पडले नाहीत आणि खासगीची फी आमच्या उसाच्या बिलात बसणारी नव्हती. पण मेडिकल हुकलेल्या मुलीला काम नसणारच, असं धरूनच तुम्ही विचारता. मला लागतं ते तेच.

दिवसाचं सांगायचं तर गगनबावडा रोडवरची सकाळची गाडी, कोल्हापूरचा रंकाळा स्टँड, तिथून चालत कॉलेज. लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी परत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी मुंगीच्या पावलानं चालते, आणि पावसाळ्यात बालिंग्याचा पूल बंद झाला की चालतच नाही. घरी आल्यावर जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. सूर्यफुलाच्या खोडाचा सेक्शन, म्हणजे आडवा छेद, पेन्सिलीनं काढायचा, नावं द्यायची, सरांची सही झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि यावर कुणी वाद घालत नाही. "एवढं तर आमच्या पोरानंबी केलं," म्हणतात. बरोबर आहे.

पहिल्या वर्षाला असताना मीसुद्धा असंच म्हणायचे. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं. वेळ नाही म्हणणाऱ्या सीनिअर मुलींना नियोजन येत नाही, असं माझं ठाम मत होतं. त्या वेळच्या माझ्याशी आज मला भांडायचं आहे. तू वेळापत्रक केलंस ते पुस्तकांचं. पुस्तक रात्री अकराला उघडलं काय आणि पहाटे पाचला काय, आत तेच असतं. कांद्याच्या मुळाचं तसं नाही. पेशी विभागताना बघायच्या असतील तर मुळांची टोकं सकाळच्या ठरलेल्या वेळी कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात टाकावी लागतात. दुपारी सवडीनं कापलीस तर स्लाइडवर नुसत्या गप्प बसलेल्या पेशी दिसण्याची शक्यता जास्त. जिवंत वस्तूचं वेळापत्रक तिच्याकडं असतं. आपण त्यात बसायचं.

आता माशांचं. तुमच्यातल्या निम्म्यांनी प्रश्न विचारला तो आमच्या ताईच्या हळदीनंतरच, तेव्हा तेही सांगते.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी ड्रोसोफिला घेतली. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती बारीक फळमाशी. रवा, गूळ, आगर आणि यीस्ट शिजवून तिचं खाणं करतात, बुरशी येऊ नये म्हणून त्यात थोडं प्रोपियॉनिक ॲसिड घालतात. गूळ मी आमच्या शेजारच्या गुऱ्हाळातला न्यायचे. खुरट्या पंखांची मादी आणि नेहमीच्या लांब पंखांचा नर यांचा संकर करायचा, पहिल्या पिढीत सगळ्या लांब पंखांच्या येतात, आणि त्यांच्या पोरांत तीनास एक, म्हणजे तीन लांब पंखांच्यांमागं एक, या प्रमाणात खुरटे पंख परत दिसतात. मेंडेलचा आनुवंशिकतेचा जुनाच नियम, पण आपल्या हातानं बघायचा.

यात एक अट असते. मादी आधी कुठल्याच नराशी जुळलेली नसावी. एकदा जुळली की ती शुक्राणू पोटात साठवून ठेवते, मग पोरं कुणाची ते सांगता येत नाही. कोषातून बाहेर पडल्यावर साधारण २५ अंश तापमानाला आठेक तास ती जुळत नाही. म्हणून सकाळी बाटलीतल्या सगळ्या माशा काढून टाकायच्या आणि पुढच्या आठ तासांत ज्या नव्या बाहेर पडतील त्यांतल्या माद्या वेगळ्या करायच्या. फिकट अंग आणि पोटावर एक गडद ठिपका, यावरून ताजी मादी ओळखू येते. आता सांगा, हे मी हळदीत विचारणाऱ्या आत्याला कोणत्या शब्दांत सांगणार होते?

फेब्रुवारीत चुलत बहिणीचं, ताईचं, लग्न होतं आणि मी करवली होते. खुरट्या पंखांच्या दोन बाटल्यांपैकी एक बुरशीनं गेली होती. दुसरीतल्या माशा नेमक्या हळदीच्या दिवशी बाहेर पडू लागल्या. प्रोजेक्टमधली माझी जोडीदारीण तापानं घरी होती. दुसऱ्या दिवशी लग्न, तिसऱ्या दिवशी पूजा, तोवर बाटलीतल्या सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. नवी पिढी यायला दहा-बारा दिवस, त्यापुढं संकराच्या दोन पिढ्या, आणि मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा. मी हिशोब केला आणि सकाळची गाडी पकडली. आईला म्हणाले, हळदीच्या आत येते.

माशा ईथरनं गुंगवून, भिंगाखाली ब्रशनं एकेक बाजूला करत माद्या निवडल्या. दुपारी निघाले तर रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. पोचले तेव्हा ताईची हळद उतरून झाली होती, आणि माझ्या जागी मामेबहीण करवली म्हणून उभी होती, माझ्यासाठी घेतलेली साडी नेसून. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माशा राखाय गेलतीस व्हय गं?" बायका हसल्या. पप्पा म्हणाले, "कॉलेजचं काम हुतं तिचं." कसलं काम ते त्यांनाही माहीत नव्हतं, तरी म्हणाले.

ताई काहीच बोलली नाही. रात्री हातातल्या चुड्याशी खेळत म्हणाली, "तुला यायलाच पायजे हुतं. बाकी मला काय कळत न्हाई."

मी तिला काय सांगायला हवं होतं? वर्षभर मनातल्या मनात मी आत्याशी भांडले आहे आणि दरवेळी जिंकले आहे. माझा मुद्दा पक्का आहे. मामाच्या वास्तुशांतीला आई गेली नव्हती, कारण आमची म्हैस व्यायला झाली होती. तेव्हा कुणी हसलं नाही. हीच आत्या म्हणाली होती, "म्हस सोडून कशी जाणार ती?" जनावराची वेळ सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मग माझ्या माशीला तो मान का नाही? दूध देत नाही म्हणून?

आणि माशी काही देत नाही असंही नाही. ती पहाटेच्या सुमारास कोषातून का बाहेर पडते, हा प्रश्न अमेरिकन शास्त्रज्ञ रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी धरला आणि वेळ चुकवणाऱ्या माशांत १९७१ साली त्यांना शरीरातल्या घड्याळाचं जनुक सापडलं. त्या घड्याळाची आतली रचना उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. मला सकाळच्या गाडीला धावायला लावणारं घड्याळ तेच. तसलंच तुमच्यात आहे, आणि धारेच्या वेळेला हंबरणाऱ्या म्हशीतही.

इथवर माझी बाजू भक्कम वाटते. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. "नाइलाज होता" असं मी घरात सगळ्यांना सांगितलं, आणि नाइलाज होताही. पण मला जायचंही होतं. त्या दिवशी लॅबमध्ये कुणी नव्हतं. कोषाचं झाकण ढकलून एक माशी बाहेर आली, पांढुरकी, ओलसर, पंख घडी घातलेल्या कापडासारखे. पंख उलगडतील म्हणून मी भिंगाखाली बघत बसले आणि खुरट्या जातीचे असल्यामुळं ते उलगडलेच नाहीत. जे पुस्तकात वाचलं होतं ते समोर घडत होतं. त्या वेळात मला ताईची आठवण आली नाही. आईला म्हशीपाशी बसावं लागलं आणि मला माशीपाशी बसावंसं वाटलं, हे एकच आहे का? आत्याशी भांडताना मी एकच धरते. ताईपुढं धरवत नाही.

प्रमाण तीनास एकच्या जवळ आलं, प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. ताईनं फोनवर अभिनंदन केलं आणि लगेच फोन आईकडं दे म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिचं डोहाळजेवण आहे आणि त्याच आठवड्यात एमएस्सीची प्रवेश परीक्षा. तारखा एकमेकींवर येत नाहीत, एवढं बघून ठेवलंय. ताईनं बोलावणं आईकडं दिलंय. मला अजून तिचा फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही. करायला हवा. काय बोलायचं ते ठरत नाही, कारण ती विचारणार तो प्रश्न तुमच्यासारखा नसेल.