पंक्चर झाली का?

डोंगरातल्या गावांत सायकल हातात धरून चालणारा माणूस दिसला की त्याला एकच प्रश्न विचारतात, "पंक्चर झाली व्हय?" सातारा सोडून यवतेश्वरच्या घाटाला लागलो आणि तिसऱ्याच वळणावर एका मोटारसायकलवाल्याने तो विचारला. "नाही, दम लागलाय," मी खरं ते सांगितलं. "अस्सं," म्हणून तो जरा हिरमुसूनच पुढे गेला. पंक्चरला माणूस मदत करू शकतो. दमाला काय करणार?

नोव्हेंबर सरत आला होता. कासची फुलं संपलेली, त्यामुळे गर्दीही नाही; नुसतं वाळकं गवत आणि भणाणता वारा. पाचशे मीटरची उंची घाम गाळून कमवायची आणि बामणोलीच्या उतारावर एका झटक्यात उधळून टाकायची, असा हा रस्ता. उतारावरची गावं विचाराल, तर मला फक्त ब्रेक आठवतात.

बामणोलीला सायकल लाँचमध्ये आडवी घातली. कोयनेचं धरण १९६४ साली पुरं झालं, शिवसागर भरला आणि खोऱ्यातली गावं उठली. काही वर सरकली, काही पार ठाणे-रायगडात गेली. लाँचवाल्याने हनुवटीनेच पाणी दाखवलं, "जुनं गाव हितं." आणि इंजिनाचा आवाज वाढवला.

तापोळ्याहून महाबळेश्वर म्हणजे पुन्हा सातशे मीटर चढ. सगळ्यात हलक्या गियरलाही सायकल ढिम्म हलेना, तेव्हा उतरलो. मागून गवताचा भारा घेतलेली एक आजी आली. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, चपलेचा पट्टा तारेने बांधलेला.

"पंक्चर?"

"नाही आजी, चढ झेपंना."

"मंग आणली कशापायी?"

याला उत्तर नव्हतं. मग तीच बोलत राहिली. दोन्ही लेक मुंबईला, थोरला वाशीच्या मार्केटात माथाडी. घरी ती, म्हातारा आणि एक म्हैस. भारा कॅरियरवर ठेवा म्हटलं, तर तिने कॅरियरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "पडंल," म्हणाली. "तुमचं वझं बरं हाय बाबा, चाकं तरी हायेत त्याला." तिच्या वाटेला वळेपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढेच होती.

ऊन कलल्यावर दुधाच्या रिकाम्या कॅनांची एक पिकअप शेजारी थांबली.

"काय पाव्हणं, पंक्चर?"

मी इकडेतिकडे पाहिलं. आजी तर केव्हाच गेली होती.

"हो," म्हणालो.

त्याने मागचा फाळका पाडला, सायकल उचलायला वाकला आणि पुढचं टायर अंगठ्याने दाबलं.

"ही तर टाईट हाय."

"मागची," मी म्हणालो.

त्याने मागचीही दाबून पाहिली.