दारात कॅमेरा

सॅन फ्रान्सिस्कोत पोल्क स्ट्रीटवर कॅलिफोर्निया हॉल नावाची एक जुनी भारदस्त इमारत आहे, १९१२ मध्ये इथल्या जर्मन लोकांनी बांधलेली. तिच्यासमोरून मी किती वेळा गेले असेन देव जाणे, मान वर करून कधी बघितलं नाही. आता बघते, आणि त्याला कारण माझी वसईची मैत्रीण.

ती कॅथलिक, घरी मराठी, आणि इथे येऊन सात वर्षं झाली तरी रविवारची मिस्सा चुकवत नाही. एका रविवारी मिस्साहून थेट माझ्याकडे आली, मी पोहे केले होते, म्हणाली काहीतरी लाव पण खूनबीन नको. मी 'स्क्रीमिंग क्वीन्स' लावली, २००५ ची डॉक्युमेंटरी, सुझन स्ट्रायकर आणि व्हिक्टर सिल्व्हरमन यांची. गोष्ट ऑगस्ट १९६६ ची. टेंडरलॉइन भागात टर्क आणि टेलर रस्त्यांच्या कोपऱ्यावर कॉम्प्टन्स कॅफेटेरिया होतं, रात्रभर उघडं, आणि ट्रान्स बायका तिथे येऊन बसायच्या कारण गे बारमध्येसुद्धा त्यांना कोणी उभं करत नव्हतं. एका रात्री पोलीस एकीला धरायला आला, तिने हातातली कॉफी त्याच्या तोंडावर फेकली, आणि मग साखरेच्या बाटल्या, खुर्च्या, काचा, काहीच राहिलं नाही. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये गे लोकांनी पोलिसांविरुद्ध केलेल्या गाजलेल्या उठावाच्या तीन वर्षं आधी! पण पेपरात ओळ नाही, नक्की तारीखसुद्धा कुणाला माहीत नाही. स्ट्रायकर स्वतः ट्रान्स, इतिहासाच्या अभ्यासक, त्यांना याचा पहिला धागा मिळाला तो १९७२ च्या प्राइडच्या, म्हणजे गे लोकांच्या मिरवणुकीच्या, एका जुन्या कार्यक्रमपत्रिकेत.

मैत्रीण म्हणाली, आता बघ पाद्री येतील आणि वाट लावतील. आले की! पण दोन ब्लॉकवरच्या ग्लाइड मेमोरियल या मेथडिस्ट चर्चचे आले आणि ते यांच्याच बाजूने. रस्त्यावर राहणाऱ्या पोरांची 'व्हॅनगार्ड' नावाची संघटना होती, तिला आधार या चर्चचा. आम्ही दोघी पोहे तसेच ठेवून बघत बसलो.

मग मी मागचं वाचायला घेतलं. १९६४ मध्ये ग्लाइडच्या टेड मॅकिल्वेना यांनी काही पाद्री आणि काही गे-लेस्बियन मंडळींना शहराबाहेर दोन-तीन दिवस एकत्र बसवलं, त्यातून एक संघटना निघाली, आणि तिच्यासाठी पैसे जमवायला १ जानेवारी १९६५ ला कॅलिफोर्निया हॉलमध्ये बॉल ठरला, म्हणजे नटूनथटून नाचायचं. पाद्रींनी आधी पोलिसांना रीतसर सांगून ठेवलं होतं. तरी त्या रात्री दारात झगझगीत दिवे लावून पोलिसांचे फोटोग्राफर उभे, आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो. तेव्हा असा फोटो म्हणजे नोकरी जाणं, घर जाणं, कारण कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, तो कायदा रद्द व्हायला १९७५ उजाडलं. तरीही शेकड्याने लोक त्या दिव्यांतून आत गेले. हे वाचून मी जरा वेळ थांबले, कारण मला नसतं जमलं. आयोजकांच्या वकिलांनी पोलिसांना आत येऊ दिलं नाही तर त्यांनाच अटक, तिकिटं घेणाऱ्या बाईलाही.

दुसऱ्या दिवशी पाद्री गळ्यात पांढऱ्या कॉलरी घालून पत्रकारांसमोर बसले आणि पोलिसांवर तुटून पडले. अटक झालेल्यांवर खटला उभा राहिला, बचाव पक्षाने तोंड उघडायच्या आतच न्यायाधीशांनी निर्दोष ठरवायला सांगितलं. त्यातले एक वकील, हर्बर्ट डोनाल्डसन, पुढे याच शहरात न्यायाधीश झाले.

मैत्रीण खूश, आमच्या पॅरिशमध्ये दाखवायला पाहिजे म्हणे. मला मात्र एक गोष्ट खुपली. पोलीस त्रास देतात हे ही माणसं वर्षानुवर्षं ओरडून सांगत होती, ते पेपरवाल्यांना ऐकू आलं नाही, आणि बायकामुलं असलेले पाद्री एक रात्र ते बघून आले तर लगेच बातमी. ती म्हणाली, अगं पण गेले ना ते. तेही खरंच.

मग पुढच्या रविवारी 'अपस्टेअर्स इन्फर्नो', २०१५ ची. ही बघताना जेवण नको. २४ जून १९७३, न्यू ऑर्लिन्समधल्या अपस्टेअर्स लाउंज या गे बारला आग लावली गेली, ३२ जण गेले, त्यात मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चची माणसं होती, त्यांचे पाद्रीसुद्धा. हे चर्च गे-लेस्बियन लोकांसाठी ट्रॉय पेरी यांनी १९६८ मध्ये स्वतःच्या बैठकीच्या खोलीत १२ जणांना घेऊन सुरू केलेलं. शहरातली बरीच चर्चेस प्रार्थनेलाही जागा देईनात. एका एपिस्कोपल पाद्रींनी दिली तर त्यांना त्यांच्याच लोकांची संतापाची पत्रं. कॅथलिक चर्च तेव्हा गप्प राहिलं, त्याबद्दल तिथल्या आर्चबिशपांनी खेद व्यक्त केला तो २०१३ मध्ये, ४० वर्षांनी. इथे मैत्रीण एकदम गप्प झाली, मीही काही बोलले नाही.

शेवटी एका मेथडिस्ट चर्चमध्ये शोकसभा झाली. संपताना निरोप आला की बाहेर टीव्हीचे कॅमेरे लागलेत, ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांच्यासाठी दुसरं दार आहे. पेरी स्वतः सांगत आले की त्या दाराने कोणीच गेलं नाही, सगळे पुढच्या दाराने बाहेर पडले. हे मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणाली, परत वाच.