पार्टिशनमधला स्टार स्क्रू

उत्तर लंडनमधल्या एका पबच्या मालकाला आतलं लाकडी पार्टिशन काढून आणखी काही टेबलं बसवायची होती. इमारत संरक्षित जुन्या वास्तूंच्या 'ग्रेड टू' यादीतली, म्हणजे आतला खिळासुद्धा कौन्सिलच्या परवानगीशिवाय हलवायचा नाही. अर्जासोबत मोजणीचे नकाशे आणि 'यात जुनं काय, मोलाचं काय' असा अहवाल लागतो. तो अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. पबचं नाव सांगत नाही.

पब पाहायचा तर सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी. दिवे लागलेले नसतात, गाणी नसतात, आणि लाकूड जसं आहे तसं दिसतं. पब चालवणाऱ्या बाईंनी दार उघडलं, चहा दिला आणि लगेच बजावलं, "ते पार्टिशन जायचं नाही हं. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याच आडोशाला बसतात."

पार्टिशन होतंही देखणं. गडद महॉगनी, वर नक्षीच्या काचा. 1890च्या दशकात लंडनच्या पबधंद्याला अशी तेजी होती की ब्रुअरींनी, म्हणजे बियर बनवणाऱ्या कंपन्यांनी, एकमेकींवर कडी करत आरसे, काचा, टाइल्स यांवर पैसा ओतला. दशक संपता संपता तो फुगा फुटला. पण आतल्या रचनेमागे निव्वळ थाट नव्हता. मधे एक काउंटर आणि त्याभोवती पार्टिशनं घालून केलेले कप्पे: मजुरांचा पब्लिक बार, जरा बऱ्या कपड्यांतल्यांचा सलून बार, कुणाच्या नजरेस न पडता बसायला प्रायव्हेट बार. भांड्यात बियर भरून घरी न्यायची खिडकी वेगळीच. प्रत्येक कप्प्याला रस्त्यावरून स्वतंत्र दार. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात 'फॅमिली रूम' असायची, तीच कल्पना, फक्त इथे ती वर्गावर्गांत वाटलेली. मेडा व्हेलच्या 'प्रिन्स आल्फ्रेड'मध्ये हे कप्पे अजून शाबूत आहेत. एकातून दुसऱ्यात जायचं दार इतकं बुटकं की कमरेत वाकावं लागतं. काउंटरवर तोंडासमोर फिरत्या काचांच्या झडपा. त्यांना म्हणतात 'स्नॉब स्क्रीन'. झडप लावली की साहेबाचं तोंड बारवाल्याला दिसत नाही, ग्लास तेवढा खालून सरकतो.

लेझरने मापं घेत मी पार्टिशनच्या पायथ्याशी आले. एक पट्टी सैल होती. टॉर्च मारला तर आत स्टार स्क्रू. फुलीच्या खाचेचे हे स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आले, 1890च्या सुताराकडे ते असणं शक्यच नाही. एखादा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचा असू शकतो, म्हणून जरा वर चढून मागून पाहिलं. सगळे स्टार. काचेमागची चौकट एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, वर महॉगनीचा पातळ थर. 1980च्या आसपासचं काम. तोवर बहुतेक पबांमधली खरी पार्टिशनं काढून टाकलेली होती, कारण एकच मोठा हॉल ठेवला की नोकर कमी लागतात आणि सगळ्यांवर नजर राहते. मग जुन्याची ओढ लागली आणि ब्रुअरींनीच 'व्हिक्टोरियन' पार्टिशनं नवी करून बसवली.

आता खरी कुठे होती ते शोधणं आलं. माझ्या कामातला हा सगळ्यात आवडता भाग. काउंटरच्या लाकडात ठरावीक अंतरावर चौकोनी ठिगळं सापडली, रेषा वेगळ्या दिशेने जाणारी. वर छताला नक्षीचा उठावदार कागद, सिगरेटच्या धुराने आणि रंगाच्या थरांनी चॉकलेटी झालेला, आणि त्यावर ठिगळांच्या बरोब्बर डोक्यावर सरळ व्रण. जुगाराच्या मशीनमागे रस्त्याकडचं एक बंद दार. तिन्ही कागदावर जोडली तर चार कप्पे उभे राहिले. आत्ताचं पार्टिशन मात्र त्यातल्या एका कप्प्याच्या पोटातून आडवं जात होतं.

बाईंना सांगितलं तेव्हा बारजवळ एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते. ते म्हणाले, "खोटं? मग कार्लटन टॅव्हर्नचं काय?" प्रश्न बिनतोड होता. किलबर्नचा तो पब 2015मध्ये मालकाने परवानगी न घेता पाडला आणि कौन्सिलने होता तसा पुन्हा बांधायला लावला. 2021मध्ये तो उघडला, आज लोक कौतुकाने जातात. होल्बर्नच्या 'प्रिन्सेस लुईस'मधली पार्टिशनंही याच शतकात नव्याने बसवलेली. मी म्हटलं, "तिथे जुन्या जागा धरून काम केलंय, हे भलत्याच जागी आहे." ते म्हणाले, "भलत्या जागी असेल, पण माझ्या पाठीला बरोबर बसतं."

अहवालात मी लिहिलं की पार्टिशन काढायला हरकत नाही, पण काउंटर, छत आणि ते बंद दार यांना हात लावू नये. मालक खूश. कौन्सिलने तसंच मंजूर केलं, वर छत रंगवायलाही मनाई केली. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांनी सह्यांचा कागद फिरवला आणि मालकाने हातात परवानगी असूनही पार्टिशन ठेवून दिलं. जुगाराचं मशीन मात्र हललं, आणि बाईंनी त्याच्यामागचं ते रस्त्याकडचं दार उन्हाळ्यात उघडं ठेवायला सुरुवात केली आहे.